हेरल्डचा एक धड फोटो

जानेवारी लागला की बंगळुरात अवरेकाय येते. वालाच्या भावकीतली ही शेंग. हातगाड्यांवर तिचे ढीग लागतात, गल्लीबोळांत तिचा हिरवट, जरासा तेलकट वास भरून राहतो, आणि आमच्यासारख्या पिढ्यान्‌पिढ्या इथंच मुरलेल्या मराठी घरांतही उपम्यापासून आमटीपर्यंत सगळ्यात तेच दाणे पडू लागतात. रस्त्याकडेची टॅबेबुयाची झाडं पानं झटकून गुलाबी होतात. सकाळी उशिरापर्यंत धुकं रेंगाळतं. माणसं कानटोप्या घालून एकमेकांना ‘काय थंडी पडलीय’ असं सांगत सुटतात. आणि इतका चांगला मोसम कुणीतरी वाया घालवायलाच हवा, म्हणून याच दिवसांत जुन्या गाड्यांची प्रदर्शनं भरतात.

मी तिथं फोटो काढायला जाते. दर वर्षी जाते आणि दर वर्षी डोकं फिरवून घेऊन परत येते. परवा या वर्षीचं निमंत्रण फोनवर आलं. वर ठळक अक्षरांत ‘सहकुटुंब या’ असं लिहिलेलं. तिथंच माझं बिनसलं. लोक सहकुटुंब येतात म्हणून तर सगळा घोळ आहे.

खरं म्हणजे जुन्या गाडीचा फोटो काढणं ही सोपी गोष्ट. गाडी पळत नाही, लाजत नाही, ऐन वेळी डोळे मिटत नाही. थोडं लांब जायचं, लांब पल्ल्याची लेन्स लावायची, गाडीच्या दिव्यांच्या उंचीला गुडघे टेकून बसायचं, पुढची चाकं किंचित वळवून घ्यायची आणि मागं गडद झाडी येईल असं बघायचं. मग गाडीचा सगळा बांधा दिसतो. छतावरून डिकीकडे उतरणारी रेघ, मडगार्डचा फुगवटा, बंपरच्या टोकाची वळण घेतलेली चकाकी. त्या काळात कुणीतरी हाताने पेन्सिल धरून ही रेघ ओढली होती, हे त्या फोटोत कळलं पाहिजे. एवढंच मागणं असतं माझं. पण मी लांब जाऊन गुडघे टेकते, आणि मी आणि गाडी यांच्यामध्ये जी मोकळी जागा उरते, ती या देशातल्या माणसांना बघवत नाही.

आधी मालक येतो. तो गाडीला टेकून उभा राहतो, कारण फोटो म्हणजे त्याचाच असणार अशी त्याची खात्री असते. त्याला बाजूला हो म्हणायची सोय नसते. मग लग्न ठरलेलं एक जोडपं येतं, त्यांचा स्वतःचा फोटोग्राफर घेऊन. मुलगी बॉनेटवर बसते. मालक हां-हां करत धावतो. मग कुणाची तरी आजी थकून गाडीच्या सावलीत खुर्ची टाकते आणि डबा उघडते. वायपरखाली नंबराचा पुठ्ठा खोचलेला असतो, समोर भगभगीत नारिंगी दोरी, मागे आइस्क्रीमवाल्याचा फलक. हे सगळं एखाद्या क्षणी दैवयोगाने बाजूला झालं, की एक गृहस्थ माझ्या खांद्यावरून वाकून म्हणतात, ‘‘मॅडम, मोबाईलमध्ये याच्यापेक्षा क्लियर येतो.’’ त्यांना उत्तर देईपर्यंत आजी परत आलेली असते.

आणि सगळे गेले तरी एक माणूस उरतोच. चकचकीत बंपरमध्ये, दिव्याच्या काचेत, चाकाच्या टोपीत, सगळीकडे गुडघे टेकून बसलेली, नाकावर चष्मा घसरलेली एक बाई दिसते. ती मी. तिला कुठं घालवायचं ते मला अजून कळलेलं नाही.

तरीही, इतकी वर्षं इतक्या आडमुठ्या मालकांशी झटापट केली, पण सगळ्यांत हट्टी निघाली ती आमच्याच घरातली. माझी थोरली बहीण, अक्का.

त्या हिवाळ्याला आता काही वर्षं झाली. भावोजी जाऊन वर्ष उलटलं होतं. जे. पी. नगरचं त्यांचं घर बिल्डरला द्यायचं ठरलं होतं, आणि अक्का मुलाकडे, सुहासकडे, हेब्बाळच्या फ्लॅटमध्ये राहायला जाणार होती. तिथं एका फ्लॅटमागे गाडी लावायला एकच जागा, आणि त्या जागेत सुहासची गाडी. मग भावोजींच्या हेरल्डचं करायचं काय? क्रीम रंगाची, दोन दारांची, लहान चणीची ती गाडी त्या घराच्या पोर्चमध्ये इतकी वर्षं उभी होती, की ती हलवली तर पोर्च पडेल असं वाटावं. विकायची असं ठरलं. सुहासने गिऱ्हाईकही शोधलं. कोइमतूरचा कुणी शौकीन होता. त्याच्यासमोर दोन हेरल्ड होत्या, एक आमची आणि एक म्हैसूरची. रविवारी प्रदर्शन, आणि त्याच संध्याकाळी फोटो बघून तो दोहोंतली एक घेणार होता.

‘‘मावशी, शोमध्ये लावलेली गाडी म्हटलं की इम्प्रेशन वेगळं पडतं,’’ सुहास सिंगापूरहून फोनवर म्हणाला. ऑफिसच्या कामासाठी तो नेमका तेव्हाच तिकडे गेला होता. ‘‘तू फक्त एक क्लीन शॉट दे. फ्रेममध्ये दुसरं कुणी नको. फक्त गाडी.’’

भाच्याच्या तोंडून इतकं शहाणपणाचं वाक्य मी पहिल्यांदाच ऐकत होते. मी लगेच हो म्हटलं. अक्कालाही त्याने सांगितलं होतं. ती ‘सरी’ म्हणाली होती. सरी म्हणजे कानडीत ठीक आहे, बरं. आमच्या घरच्या मराठीत असले शब्द न विचारता येऊन बसलेत, आणि अक्काच्या बोलण्यात तर त्यांना कायमचा मुक्काम आहे.

रविवारी सकाळी गाडी मी चालवत नेली. अक्का डाव्या बाजूला, मांडीवर पाण्याची बाटली आणि पायाशी एक मोठी कापडी पिशवी घेऊन बसली. तिला गाडी चालवता येत नाही, पण त्या गाडीच्या पोटात कुठे काय दुखतं ते तिला ठाऊक. ‘‘चोक ओढ. तेवढा नको, स्वल्प कमी. आता आत ढकल. अय्यो, इतक्यात नको ग!’’ जे. पी. नगर ते हेब्बाळ म्हणजे शहराचं दक्षिण टोक ते उत्तर टोक. सिग्नलला थांबलं की स्कूटरवाले फोन काढून आमचे फोटो घेत आणि अक्का एखाद्या संस्थानच्या राणीसारखी हात हलवी. मी घामाघूम. ‘‘तापलीय,’’ ती मधेच म्हणाली. काटा अजून मधोमध होता. मी तसं सांगितलं. ‘‘काटा राहू दे. मला आवाज कळतो,’’ ती म्हणाली. पुलाखाली थांबून पाणी घालावंच लागलं.

प्रदर्शन हेब्बाळच्या तळ्याजवळच्या एका जुन्या बागेत होतं. मोठमोठी पर्जन्यवृक्षाची झाडं, खाली हिरवळ, एका कडेला गर्द मेंदीचं कुंपण. लवकर पोचलो होतो, त्यामुळे मी हट्टाने त्या कुंपणासमोरची जागा मिळवली. धुक्यातून पाझरणारा उजेड बाजूने गाडीवर येत होता. क्रीम रंगाला त्याहून चांगला उजेड नाही. ऊन चढलं की तोच रंग पांढराफटक होतो, आणि पत्र्यावर डोळे दिपतात. मला सकाळचाच वेळ हवा होता. मी पुढची चाकं वळवून ठेवली, जरा लांब गेले, पिशवीतून लेन्स काढली, पुसली, लावली. मान वर केली तर गाडीवर पूजा चालली होती.

आमच्या गावात दसऱ्याच्या आदल्या दिवशी आयुधपूजा असते. रिक्षापासून बसपर्यंत प्रत्येक गाडी त्या दिवशी हार-फुलांत बुडते. हे झालं दसऱ्याचं. अक्काने ते जानेवारीत काढलं. बॉनेटवर हळदीचे पट्टे, त्यावर कुंकू, दोन्ही दिवे झाकून टाकणारा पिवळ्या शेवंतीचा जाडजूड हार, चाकांखाली लिंबं. हे सगळं त्या कापडी पिशवीतून निघालं होतं.

‘‘अक्का! काय हे?’’

‘‘गाडी घराबाहेर चाललीय कायमची. तशीच धाडू? नवरीला तरी कुणी तशीच धाडतं का ग?’’

‘‘फोटो काढायचाय ना आधी!’’

‘‘काढ की. हार चांगलाच दिसतो फोटोत.’’

हार काढायचा तर आरती व्हायला हवी, आरतीला काडेपेटी हवी, काडेपेटी कुणाकडे तरी मागायला हवी. हे उरकेपर्यंत धुकं विरळ झालं. मी स्वतः हार उतरवला. तर तेवढ्यात तिनं बॉनेट उघडलं. हेरल्डचं बॉनेट इतर गाड्यांसारखं नुसतं झाकण उघडावं तसं उघडत नाही. दोन्ही बाजूंच्या कड्या सोडल्या की नाक, दिवे, मडगार्ड असं सगळं तोंडच्या तोंड पुढे कलंडतं आणि मागं इंजिन उघडं पडतं. बघ्यांना त्याचं फार अप्रूप. घोळका जमला. अक्का हातात पुसायचं फडकं घेऊन इंजिनाची माहिती देऊ लागली, कानडीत, हिंदीत, मधेच मराठीत. गाडीला तोंडच उरलं नव्हतं, मी फोटो कशाचा काढणार?

‘‘अक्का, बंद कर ना ते.’’

‘‘सरी सरी. स्वल्प थांब. हे बघायलेत ना.’’

बंद केलं. मग तिनं लोकांना आत बसवायला सुरुवात केली. जिच्या गाडीत भावोजींचे मित्रसुद्धा चपला झटकून बसायचे, त्या माझ्या बहिणीने त्या दिवशी परक्या पोरांना, पोरांच्या आयांना, आयांच्या पिशव्यांना, सगळ्यांना दार उघडून दिलं. ‘‘बसा ना. आत बसून काढा फोटो.’’ एका पोराने हॉर्न वाजवला, तर तिने त्याला आणखी एकदा वाजवायला लावला. मी लांब, गुडघे ओल्या गवतात, डोळा कॅमेऱ्याला. एक बाजू मोकळी झाली की दुसऱ्या बाजूने अक्का. अक्काचं कोपर. अक्काची पर्स छतावर. अक्काच्या पदराचं टोक दारात अडकलेलं. ऊन झाडावर चढलं, मग झाडाच्या वर गेलं. मी काढलेल्या प्रत्येक फोटोत काही ना काही बिघडलेलं होतं, आणि ते बिघडवणारं माणूस प्रत्येक फोटोत तेच होतं.

तसं या गाडीशी माझं आधीपासूनच सख्य कमी. कॉलेजात असताना मी अक्काच्या सासरी राहायचे. भरलेलं घर. सासूबाई, दोन दीर, जावा, त्यांची मुलं आणि वर मी. स्वयंपाकघरात सतत कुणीतरी, जिन्यात कुणीतरी, न्हाणीघराबाहेर रांग. अशा घरात आठवड्यातून दोन-तीनदा तरी भावोजी वर्तमानपत्र घडी करून ठेवत आणि म्हणत, ‘‘चल, पेट्रोल भरून येऊ.’’ अक्का हातातलं टाकून पदर खोचत निघायची. मला कधी चल म्हणायचे नाहीत. मी फाटकात उभी राहून बघायची, ती लहानशी क्रीम गाडी कोपऱ्यावरून वळायची आणि चांगला तासभर परत यायची नाही. पेट्रोलपंप हाकेच्या अंतरावर होता. ‘‘ही गाडी पिते तरी किती ग?’’ सासूबाई दर वेळी म्हणत. मलाही तोच प्रश्न पडायचा. गाडी खादाड आहे अशी त्या घरात सगळ्यांची समजूत होती, आणि मला जाताना कुणी विचारत नाही याचा माझा राग मी त्या गाडीवर काढायचे. मनातल्या मनात तिला लाथ घालायचे.

त्या दिवशी बागेत ती लाथ खरीच घालावीशी वाटली. शेवटी मी उठले, गवत झटकलं, गाडीपाशी गेले आणि लोकांसमोर अक्कावर ओरडले.

‘‘तुला विकायची नाहीये का ही गाडी? नसेल तर सरळ सांग! सकाळपासून मला का राबवतेस?’’

घोळका पांगला. घरगुती भांडण बंगळुरातसुद्धा लोक थोडं लांबूनच ऐकतात. अक्का फडक्याची घडी करत राहिली.

‘‘विकायची की नाही, कोण विचारलंय मला?’’ ती म्हणाली. ‘‘सुहास येऊन सांगितला. तू कॅमेरा घेऊन आलीस. मी सरी म्हटलं. विचारलं कोण?’’

‘‘मग नाही म्हणायचं होतंस.’’

‘‘म्हणून कुठं ठेवू तिला? डोक्यावर?’’

मग तीच पुढं बोलू लागली, आवाज खाली आणून.

‘‘तू होतीस ना त्या घरात. तुला ठाऊक आहे. दार लावून दोन शब्द बोलावं अशी एक खोली नव्हती ग आम्हाला. या गाडीचं दार लागत होतं. तेवढंच. लग्न झाल्यापासनं आम्ही भांडलो ते हिच्यात. सुहास पोटात आहे ते मी त्यांना सांगितलं ते हिच्यात. त्यांची नोकरी गेली तेव्हा ते रडले ते पण हिच्यातच, पंपाच्या पुढच्या झाडाखाली. घरात येऊन हसत जेवले. शेवटच्या वर्षात त्यांना चालवत नव्हतं, तर पोर्चमध्येच बसायचो काचा वर करून. नर्स म्हणायची, अम्मा, गार वारं लागेल, आत या. आत काय आहे, मालू?’’

त्यानंतर जे घडलं ते मी अजून विसरले नाही. तिनं आपल्या चांगल्या इरकली साडीचा पदर घेतला आणि बॉनेटवरची हळद पुसली. चाकांखालची लिंबं उचलून पिशवीत टाकली. वायपरखालचा नंबराचा पुठ्ठा काढला. नारिंगी दोरी दोन्ही हातांनी ओढून बाजूला केली. सकाळपासून मी जे जे कर म्हणून जीव तोडून सांगत होते ते सगळं तिनं एकटीनं, एका शब्दानं कुरकुर न करता केलं.

‘‘काढ आता. स्वल्प लवकर काढ,’’ ती म्हणाली आणि लांब एका झाडाखाली जाऊन पाठ करून उभी राहिली.

मी जागेवर गेले. नेमक्या त्याच वेळी बागेच्या दुसऱ्या टोकाला जुन्या मोटरसायकली एकदम सुरू झाल्या, आणि सगळी गर्दी तो आवाज ऐकून तिकडे धावली. वर एक ढग आला. माथ्यावरचं ते ओंगळ ऊन मऊ झालं. इतक्या वर्षांत मला कधी न मिळालेली गोष्ट समोर होती. गडद कुंपणासमोर एक जुनी गाडी, आणि मध्ये कुणीही नाही. मी बंपर तपासला, त्यात मीसुद्धा नव्हते. कुठल्या तरी कोनामुळे त्यात फक्त झाड आलं होतं. मी श्वास धरला आणि बटण दाबलं. दुसरा काढायची गरजच नव्हती. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू. अक्काचं एवढं ऐकूनही पहिल्यांदा आनंदच झाला. मग पडद्यावर फोटो मोठा करून बघितला, आणि त्यात गाडीच्या डाव्या बाजूची रिकामी सीट दिसली.

परतीच्या वाटेवर अक्काने चोक कधी ओढायचा ते सांगितलं नाही. गाडी दोनदा बंद पडली.

संध्याकाळी जे. पी. नगरला तिच्या जेवणघरात मी लॅपटॉप उघडून बसले. सामान अर्धं बांधलेलं, भिंतींवर काढलेल्या तसबिरींचे चौकोन. अक्का आत भांडी कागदात गुंडाळत होती. सुहासचा सिंगापूरहून फोन. ‘‘मावशी, तो माणूस वेट करतोय. पाठव ना.’’

मी तो फोटो बघत बसले. कुठल्याही माणसाने तो बघून ती गाडी घेतली असती. मीच घेतली असती. म्हैसूरच्या हेरल्डने याच्यासमोर निमूट मान खाली घातली असती. हा पाठवला की अक्काचं कुणी न विचारताच ठरणार होतं. मला वाटलं, मी तरी तिला विचारावं. पण विचारलं तर ती काय म्हणणार हे मला ठाऊक होतं. ती सरी म्हणणार.

मग मी दुसरे फोटो निवडायला घेतले. आणि इथं मला माझ्या कामाचा अभिमान आहे, कारण इतकं मन लावून मी आयुष्यात कधी फोटो निवडले नाहीत. हार घातलेला घेतला, दिवे दिसत नव्हते. बॉनेट उघडलेला घेतला, त्यात गाडी जबडा निखळल्यासारखी दिसत होती. दाराखाली पत्र्याला गंजाचा एक फोड आला होता, त्यावर तिरपं ऊन पडलेला जवळचा फोटो घेतला. खाली तेलाचा ठिपका. छताचा रंग उन्हात पांढराफटक. डाव्या मडगार्डवर कधीकाळी ठोकून सरळ केलेली लाट, जी नेहमी दिसत नाही पण एका विशिष्ट कोनातून फार छान दिसते. एकही फोटो खोटा नव्हता. प्रत्येक दोष त्या गाडीत होता. मी फक्त नीट दाखवला.

ते पाठवले आणि सुहासचा फोन लगेच आला. ‘‘मावशी, हे काय? एकपण धड नाही?’’

‘‘नाही रे. गर्दी फार होती.’’

‘‘अगं, गाडी उभी होती ना? पळत होती का?’’

‘‘उजेडच मिळाला नाही,’’ मी म्हटलं.

कोइमतूरकराने म्हैसूरची गाडी घेतली. मोसम संपला, अक्का हेब्बाळला गेली, आणि हेरल्ड ‘पुढच्या मोसमापर्यंत, तात्पुरती’ म्हणून माझ्या के. आर. पुरमच्या घराच्या पोर्चमध्ये आली. पुढच्या मोसमात नवं गिऱ्हाईक मिळालं नाही, म्हणजे मी पुन्हा ‘चांगले’ फोटो पाठवले. त्यानंतर सुहासने विषय सोडला. माझी स्वतःची गाडी तेव्हापासून रस्त्यावर, अंजनाच्या झाडाखाली, बगळ्यांच्या कृपेत उभी असते. दर रविवारी अक्का हेब्बाळहून बसने येते. गाडी सुरू करते. तिचा आवाज ऐकत डाव्या सीटवर बसते, काचा वर करून. कॉफी मी खिडकीच्या काचेवर टकटक करून देते आणि आत निघून जाते.

हे सगळं ठीक आहे. त्याबद्दल माझी तक्रार नाही. माझी तक्रार वेगळीच आहे.

माझी तक्रार अशी, की आमच्या सगळ्या गोतावळ्यात मी ‘उभ्या गाडीचाही फोटो न जमलेली बाई’ म्हणून प्रसिद्ध झाले आहे. सुहास हे दर दिवाळीला सांगतो. लग्नाकार्यात मी कॅमेरा काढला की मागून कुणीतरी म्हणतंच, ‘‘मालूमावशी, नवरा-नवरी हलतायत, जपून हं.’’ गेल्या वाढदिवसाला सुहासने मला भेट म्हणून ऑनलाइन फोटोग्राफीचा कोर्स दिला. नवशिक्यांचा! पहिल्या धड्यात एक विशीतला मुलगा कॅमेरा कसा धरायचा ते शिकवतो. आयुष्यभर मी एका कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात यंत्रांचे नकाशे काढले. माझ्या हातची रेघ केसाएवढी वाकडी गेली तर वरचा साहेब विचारायचा, बरं नाहीये का आज. आणि या लोकांनी मला कॅमेरा धरायला शिकवावं? दर वर्षी हा मोसम आला, निमंत्रण आलं, की हे सगळं पुन्हा सुरू होतं, आणि दर वर्षी माझं बोट त्या एका फोटोपर्यंत जातं. एकदाच सगळ्यांना पाठवावा. एकदाच या सगळ्यांची तोंडं बंद करावीत.

या रविवारी अक्का हेब्बाळच्या तिच्या शेजारणीला गाडी दाखवायला घेऊन आली. शेजारीण मराठीच, पुण्याहून नव्याने आलेली. तिनं गाडीवरून हात फिरवला आणि विचारलं, ‘‘किती सुंदर ठेवलीय! विकावीशी नाही वाटली कधी?’’

‘‘विकायलाच काढली होती की,’’ अक्का म्हणाली. ‘‘गिऱ्हाईक तयार होतं. ही एवढा मोठा कॅमेरा घेऊन दिवसभर बसली, पण एक फोटो धड येईना. आला की बिघडला, आला की बिघडला. सगळे हसतात हिला. मी नाही हसत. मला ठाऊक आहे ना.’’ तिनं आवाज खाली आणला. ‘‘हेच होते ते. यांना गाडी द्यायची नव्हती. फोटो काढताना ते हिचा हात हलवले.’’

शेजारीण काही न कळून माझ्याकडे बघू लागली. अक्कानेही माझ्याकडे बघितलं, आणि इतक्या वर्षांत भावोजींबद्दल बोलताना तिचा चेहरा इतका निवांत मी बघितला नव्हता.

‘‘हो की नाही ग, मालू?’’

आतल्या खोलीत माझ्या लॅपटॉपमध्ये माझ्या आयुष्यातला सगळ्यांत चांगला फोटो आहे. इतका स्थिर, की बंपरमध्ये उतरलेल्या झाडाचं पान न्‌ पान वेगळं दिसतं.

‘‘हो,’’ मी म्हटलं. ‘‘हललाच हात.’’